खिशातल्या चाकूचं वय

मंडळी, ह्या वीकेंडचा विषय जरा धारदार आहे. (हा विनोद आत्ताच करून टाकतो, म्हणजे पुढे मोह व्हायला नको.) घरोघरी फडताळात, आजोबांच्या ट्रंकेत, नाहीतर देव्हाऱ्याखालच्या खणात एखादा घडीचा चाकू पडलेला असतो. पातं काळवंडलेलं, मूठ एका बाजूने तडकलेली, उघडायला जावं तर नख तुटतं. आणि त्याच्याबरोबर हमखास एक गोष्ट असते. कुणा साहेबाने बक्षीस दिला, कुणी लढाईवरून आणला, कुणी तर चक्क पेशवाईतला आहे म्हणून सांगतं. गंमत अशी की गोष्ट खरी की खोटी हे त्या चाकूलाच विचारता येतं, आणि तो बऱ्यापैकी प्रामाणिक उत्तर देतो.

आधी कुठे बघायचं ते सांगतो. चाकू पूर्ण उघडा. पातं जिथे मुठीत शिरतं तिथे धार नसलेला एक छोटा चौकोनी तुकडा असतो. पात्याचा बुडखा म्हणा. कारखानदाराचा ठसा तिथे मारलेला असतो. जेमतेम अर्ध्या इंचाच्या जागेत नाव, गाव, देश, राजाची आद्याक्षरं, पोलादाचा प्रकार असं जमेल ते कोंबलेलं असतं. वाचायला भिंग हवं, पण मोबाइलचा कॅमेरा आणि बाजूने तिरपा पाडलेला उजेड असला तरी भागतं. आणि एक कळकळीची विनंती: त्याच्या आधी चाकू घासू नका. ब्रासो नको, पॉलिश पेपर नको, बफिंगवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका. ठसा खोल नसतो. दोन मिनिटांत पातं आरशासारखं होतं आणि वाचण्यासारखं काही उरत नाही. गंज फारच असेल तर खोबरेल किंवा मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा आणि सुती फडक्याने पुसा. एवढंच.

आता, ह्या ठशात तारीख क्वचितच असते. मग वय कसं काढायचं? आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. कुणी तुम्हाला जुना प्रोग्रॅम आणून दिला, वर ना तारीख ना लिहिणाऱ्याचं नाव, तर तुम्ही काय बघता? त्यात वापरलेली एखादी सोय अमुक व्हर्जनमध्ये पहिल्यांदा आली असेल, तर प्रोग्रॅम त्याच्या आधीचा असूच शकत नाही. नंतरचा कितीही असेल. चाकूचंही तसंच. प्रत्येक खूण फक्त एवढंच सांगते की 'मी ह्या सालाच्या आधीची नाही'. अशा चार-पाच खुणा जमवल्या की वय आपोआप कोंडीत सापडतं.

माझ्यासमोर हा प्रश्न आला तो आमच्याच घरातल्या चाकूमुळे. आमचं मूळ गाव घोडेगाव. आंबेगाव तालुक्यातलं नव्हे, नेवासे तालुक्यातलं, नगरहून संभाजीनगरकडे जाताना हायवेवर लागतं ते. शिंगणापूरला शनीच्या दर्शनाला जाणारे इथूनच वळतात. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण जिभेला अजून नगरचीच सवय आहे, सांभाळून घ्या.) शुक्रवारचा जनावरांचा बाजार आणि कांद्याचे लिलाव ह्यासाठी गाव प्रसिद्ध. आमच्या घराण्याकडे पंचक्रोशीतल्या एका लहानशा गावाचं कुलकर्णीपण होतं. १९५१ मध्ये कायद्याने ही वतनं गेली, पण घरात मोडीचे रुमाल, एक पितळी कलमदान आणि हा चाकू राहिला. दोन पाती, एक मोठं, एक लहान. मूठ सांबरशिंगाची, खडबडीत, हाताला छान बसणारी.

घरातली गोष्ट अशी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, एल्फिन्स्टनने नगरला कलेक्टर म्हणून कॅप्टन हेन्री पॉटिंजरला बसवलं. (हा तोच पॉटिंजर ज्याने पुढे १८४२ मध्ये चीनबरोबर नानकिंगचा तह केला आणि जो हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला. नगरहून हाँगकाँग, ह्याला म्हणतात ऑनसाइट!) तर ह्या पॉटिंजरसाहेबाने जमाबंदीचे कागद सुवाच्य लिहिले म्हणून आमच्या पूर्वजाला बोरू तासायला हा चाकू बक्षीस दिला. पुरावा काय, तर पात्यावरचा ठसा. मधे मुकुट, एका बाजूला 'जी', दुसऱ्या बाजूला 'आर'. 'जी. आर.' म्हणजे जॉर्जियस रेक्स, जॉर्ज राजा. आणि १८१८ मध्ये इंग्लंडच्या गादीवर कोण होता? जॉर्ज तिसरा. गणित चोख.

एरवी ही गोष्ट दिवाळीच्या फराळाबरोबर ऐकून सोडून दिली असती. पण ह्या वेळी थोरल्या काकांना पुण्याच्या एका संग्राहकाकडून निरोप आला होता. १८१८ चा असेल तर चांगली रक्कम मिळेल, फक्त तसं कुणीतरी जाणकाराने लिहून द्यावं. काकांच्या घराचं माळवद दोन पावसाळे गळतंय, त्यामुळे रकमेचा विषय हा काही हौसेचा नव्हता. "अरे, तू इंजिनिअर आहेस, इंटरनेटवर बघून दोन ओळी टाईप करून दे. १८१८ चा आहे एवढंच लिही," काका म्हणाले. जाणकार म्हणजे मी. :)

सुरुवात नावापासून. ठशात पहिलं नाव रॉजर्स, इंग्रजीत 'डी' असलेलं. जोसेफ रॉजर्स अँड सन्स, नॉरफोक स्ट्रीट, शेफील्ड. चाकूंच्या दुनियेत ह्या कंपनीचा एके काळी केवढा दबदबा होता हे आपल्याला आज कळणं कठीण आहे. १८२२ मध्ये त्यांनी 'इयर नाईफ' नावाचा एक चाकू केला, त्याला १८२२ पाती होती. पुढे दर वर्षाला एक पातं वाढवत नेलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांचा ७५ पात्यांचा 'नॉरफोक नाईफ' होता. ही सगळी मिरवायची कामं. धंदा चालायचा तो साध्या खिशातल्या चाकूंवर आणि वस्तऱ्यांवर, आणि त्यातला मोठा वाटा हिंदुस्थानासारख्या वसाहतींच्या बाजारात जायचा.

नाव मोठं म्हटल्यावर नकला आल्याच. जर्मनीतल्या झोलिंगेन गावात चाकूंचा तेवढाच जुना धंदा होता, आणि तिथला स्वस्त माल शेफील्डचा शिक्का मारून खपवला जातो अशी शेफील्डवाल्यांची ओरड होती. नावातलं एखादं अक्षर बदलायचं, ही युक्ती चायनीज मोबाइलवाल्यांनी काढली असं आपल्याला वाटतं, पण 'डी' गाळून रॉजर्स लिहिणं तेव्हाही होतं. १९२४ मध्ये तर खरोखरच रॉजर्स आडनावाच्या माणसाच्या कंपनीविरुद्ध जोसेफ रॉजर्स कोर्टात गेले. स्वतःच्या नावाने धंदा करायचा माणसाला हक्क असला तरी त्या नावाने आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवता येत नाही, ह्या मुद्द्यासाठी तो खटला ट्रेडमार्कच्या पुस्तकांत अजून सांगतात. सांगायचा मुद्दा, नाव अक्षर-अक्षर वाचा. आणि नावाबरोबर कंपनीची खूणही बघा. रॉजर्सची खूण म्हणजे एक चांदणी आणि शेजारी माल्टीज क्रॉस. आमच्या चाकूवर 'डी' आहे आणि दोन्ही खुणा आहेत. म्हणजे चाकू अस्सल. काका खूश.

पण पुढची ओळ. 'कटलर्स टू हिज मॅजेस्टी', म्हणजे राजाचे चाकूवाले. ही राजमान्यता रॉजर्सना मिळाली १८२२ च्या सुमारास, चौथ्या जॉर्जकडून. म्हणजे १८१८ गेलं. फोनवर हे सांगितल्यावर काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग १८२५ धर. चार-सहा वर्षांनी काय फरक पडतोय?" पॉटिंजर १८२५ मध्ये नगर सोडून कच्छला रेसिडेंट म्हणून गेलेला होता, पण ते मी तूर्त बोललो नाही.

इथे राजांचा हिशेब नीट मांडून ठेवतो, म्हणजे तुमच्या चाकूलाही उपयोगी पडेल. चौथा जॉर्ज १८३० मध्ये गेला. मग 'डब्ल्यू. आर.', विल्यम, १८३७ पर्यंत. मग 'व्ही. आर.', व्हिक्टोरिया राणी, १८३७ ते १९०१. तिच्या काळात 'हिज'चं 'हर मॅजेस्टी' झालं. मग 'ई. आर.', सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. आणि मग पुन्हा 'जी. आर.'! पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६, आणि मधल्या काही महिन्यांच्या आठव्या एडवर्डनंतर सहावा जॉर्ज १९३६ ते १९५२. मेख इथेच आहे. मुकुट, जी आणि आर एवढंच बघितलं तर चाकू १८३० च्या आधीचा असेल किंवा १९१० च्या नंतरचा असेल. मधली ऐंशी वर्षं साफ गाळलेली. घरातल्या गोष्टीने पहिला जॉर्ज निवडला होता, कारण तो जास्त जुना होता. साहजिक आहे. कुठल्या घराने दुसरा निवडला असता?

दोघांतला कुठला हे ठरवायला ठशाबाहेर यावं लागतं. मुठीच्या दोन्ही टोकांना पांढरट धातूच्या टोप्या बसवल्या आहेत. चांदीसारख्या दिसतात, पण चांदी नाही, जर्मन सिल्व्हर आहे. ह्याच्यात चांदी औषधालासुद्धा नसते. तांबं, जस्त आणि निकेल. हा मिश्रधातू जर्मनीत १८२० च्या दशकात तयार झाला आणि शेफील्डच्या कारागिरांच्या हातात नीटसा आला तो १८३० नंतर. त्याच्या आधीच्या साध्या चाकूंना अशा टोप्या लोखंडाच्या असायच्या. (आपल्याकडे 'जर्मनची भांडी' म्हणजे ॲल्युमिनियमची, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. माझ्या आईला हे समजावून सांगताना अर्धा तास गेला.) म्हणजे चौथ्या जॉर्जची शक्यता आता फारच बारीक झाली.

आणि शेवटचा शब्द ठशातच होता. सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरात. शेफील्डच्या पुढे 'इंग्लंड'.

जुन्या शेफील्ड चाकूंवर नुसतं 'शेफील्ड' असायचं. शेफील्ड कुठे आहे हे जगाला सांगायची गरज काय, असा तो तोरा. देशाचं नाव आलं ते कायद्यांमुळे. १८८७ मध्ये ब्रिटनने मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट केला, परदेशी माल ब्रिटिश म्हणून खपू नये म्हणून. 'मेड इन जर्मनी' हे शब्द जगभर गेले ते ह्या कायद्यामुळे. हेतू जर्मन मालाची बदनामी करण्याचा होता, झालं उलटंच, पण तो वेगळा विषय. त्याच धर्तीवर १८८९ मध्ये हिंदुस्थानात इंडियन मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट आला. आणि अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने १८९१ पासून तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. शेफील्डच्या कारखान्यांनी मग ठशातच 'इंग्लंड' घालून टाकलं. एक लक्षात ठेवा, हे उलट्या बाजूने चालत नाही. 'इंग्लंड' नाही म्हणून चाकू १८९० च्या आधीचा, असं म्हणता येत नाही. काही ठसे जुनेच चालू राहिले. पण 'इंग्लंड' आहे म्हटल्यावर तो चौथ्या जॉर्जचा नाही. तिथे वाद संपतो.

म्हणजे पाचवा किंवा सहावा जॉर्ज. १९१० ते १९५२. ह्याहून बारीक करायचं तर पोलाद बघायचं. शेफील्डच्याच हॅरी ब्रियर्ली ह्या माणसाने १९१३ मध्ये न गंजणारं पोलाद काढलं. लगेच महायुद्ध आलं, त्यामुळे घरगुती चाकूंवर 'स्टेनलेस' हा शब्द सर्रास दिसायला लागतो तो १९२० च्या दशकात. तो शब्द दिसला की चाकू त्याच्या आधीचा नाही, डोळे मिटून सांगा. आमच्या चाकूवर तो नाही, पातं काळं पडतं, लिंबू कापलं तर निळसर डाग येतो. साधं कार्बन पोलाद. पण साधं पोलाद स्टेनलेस आल्यानंतरही कितीतरी वर्षं चाललं, त्याला धार चांगली लागते म्हणून. तेव्हा त्यावरून फार काही ठरत नाही. ठरतं ते घरातल्या कागदांवरून. पणजोबांनी कुलकर्णीपणाचं काम हातात घेतलं ते १९२० च्या दशकात. त्यांच्या आधीच्या कुणाच्या हातात हा चाकू असण्याची शक्यता कमीच.

पॉटिंजर गेला, आणि खरं सांगू का, माझ्या मते त्याच्या जागी आला तो जास्त रंजक माणूस आहे. लहान पात्याकडे नीट बघितलं तर ते मधे झिजून निम्मं झालंय. मोठं पातं जवळजवळ अख्खं आहे. फळं, दोऱ्या, पोत्याच्या सुतळ्या कापणाऱ्याच्या चाकूचं मोठं पातं आधी झिजतं. लहान पातं ज्याचं झिजलं तो लिहिणारा माणूस. इंग्रजीत ह्या लहान चाकूला पेननाईफ म्हणतात ते पिसाची लेखणी तासायचा म्हणूनच. आपल्याकडे पीस नव्हतं, बोरू होता, आणि त्याच्यासाठी फारसी दफ्तरांतला 'कलमतराश' हा वेगळा चाकू होता. बोरू तासणं ही कला होती म्हणे: एका बाजूने लांब तिरका उतार, मग टोकाला आडवा छेद, आणि मधे शाई उतरायला बारीक चीर. मोडी लिहिताना हात न उचलता ओळ पळवायची, त्यामुळे टोक चांगलं हवंच, आणि ते लिहून लिहून बसतं, म्हणजे पुन्हा तासा. लोखंडी टाक येऊन तेव्हा शंभरएक वर्षं होत आली होती, सरकारी कचेऱ्यांत तो होताच. तरी हा माणूस शेफील्डच्या पोलादाने बोरू तासत बसला होता. बोरूपासून सुटका झाली नाही ती पुढच्या पिढीलाही. आमच्या आजोबांनी शाळेत कित्ता बोरूनेच गिरवला.

आणि मुठीचं सांबरशिंग. शेफील्डला मुठींसाठी लागणारं सांबरशिंग हिंदुस्थानातून जायचं. तिथले कारागीर त्याला 'इंडियन स्टॅग' म्हणत. विलायतेतल्या हरणाच्या शिंगात आतला भुसभुशीत गाभा जास्त, सांबराचं शिंग घट्ट, म्हणून मुठीला ते पसंत. म्हणजे बघा, इथल्या कुठल्यातरी जंगलात पडलेलं शिंग गोळा होऊन बोटीने इंग्लंडला गेलं, तिथे त्याच्या पट्ट्या कापल्या, पोलादाला ठोकल्या, आणि तो चाकू पुन्हा मुंबईच्या बंदरात उतरला. तिथून रेल्वेने दौंड, आणि १८७८ मध्ये सुरू झालेल्या दौंड-मनमाड लाईनने नगर. पुढे बहुधा बैलगाडी. कापूस जायचा आणि कापड यायचं हे आपण शाळेत वाचलेलं असतं. शिंगाचंही तेच चाललं होतं.

आता ते शिंग मात्र अडचणीचं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबर संरक्षित प्राणी आहे, त्याच्या शिंगाच्या वस्तूंचा व्यवहार असा परस्पर करता येत नाही. हस्तिदंती मुठीची तर खरेदी-विक्री सरळसरळ गुन्हाच. शंभर वर्षं जुनी आहे, आजोबांची आहे, ह्याने काही फरक पडत नाही. तुमच्याकडे असा चाकू असेल तर विकायच्या आधी वनखात्याला विचारा. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते वैतागले. "दोनशे वर्षांचा चाकू शंभरावर आणलास, आता विकूही नको म्हणतोस," असं म्हणून फोन ठेवला.

तरी मी त्यांना दोन ओळी टाईप करून पाठवल्या, कबूल केलं होतं म्हणून. जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड. १९१० ते १९५२ मधला, बहुधा १९२० चं दशक. मूठ सांबरशिंग. लहान पातं लेखणी तासून झिजलेलं. संग्राहकाला १८१८ च हवं होतं, त्यांचा फोन पुन्हा आला नाही. माळवदावर सध्या निळी ताडपत्री आहे. काका आता पाहुण्यांना चाकू दाखवताना "पॉटिंजरसाहेब" म्हणतात आणि माझ्याकडे बघून "असं म्हणायचे" असं जोडतात.

१८१८ च हवं असेल तर बाजारात त्याची सोय आहेच म्हणा. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि एखादं सालबिल कोरलेले कंपास, दुर्बिणी, चाकू मुबलक मिळतात. साधा नियम: चाकूवर मोठ्या ठळक अक्षरात जुनं साल कोरलेलं असेल तर आधी संशय घ्या. खरं साल मिळतं ते सहसा फौजी चाकूवर, आणि तेही कोपऱ्यात, बारीक.

असा एक मला घोडेगावच्या बाजारातच दिसला, जुन्या लोखंडाच्या पथारीवर, पाने आणि बेअरिंगच्या ढिगात. काळी चौकडीची मूठ, एक रुंद पातं, डबे उघडायचं अवजार आणि पाठीमागे दाभणासारखा जाड दांडा, दोरखंडाच्या गाठी सोडवायला. एका टोकाला दोरी ओवायची कडी. ब्रिटिश फौजेचा दुसऱ्या महायुद्धातला चाकू असाच असतो. त्याच्यावर कावळ्याच्या पावलासारखा बाण आणि साल शोधायचं. बाण म्हणजे सरकारी मालमत्ता, आणि बाणाखाली इंग्रजी 'आय' असेल तर ती हिंदुस्थान सरकारची. ह्याच्यावर बाण होता आणि १९४३. नगरला एवढी मोठी छावणी, तेव्हा असले चाकू आसपासच्या बाजारांत फिरत येणं साहजिकच. १९४३ मध्ये नगरच्या किल्ल्यात नेहरू, आझाद, पटेल कैदेत होते. त्याच साली कुठेतरी हा चाकू घडत होता. पथारीवाल्याने दोनशे सांगितले, दीडशेला दिला. त्याच्या दृष्टीने ते डबा उघडायचं जड अवजार.

बाकीच्यांचं पटापट सांगतो. 'डब्ल्यू. जर्मनी' किंवा 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० मधला, ह्यात डोकं चालवायचं कामच नाही. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ ते १९९२. लाल मुठीचा स्विस चाकू आपल्यापैकी निम्म्यांनी ऑनसाइटहून आणलेला असतो (आणि हॅंडबॅगेत ठेवून विमानतळावर गमावलेलाही असतो). ती कंपनी १८८४ ची, नावात 'इनॉक्स' आलं १९२१ मध्ये, स्टेनलेसला फ्रेंचमध्ये तसं म्हणतात म्हणून. उघडल्यावर पातं खटक्याने पक्कं अडकत असेल तर तो शेफील्डच्या साध्या जातीचा नव्हे. आपल्याकडे खटका म्हटलं की रामपुरी, आणि रामपुरी म्हटलं की सत्तरच्या दशकातला हिंदी सिनेमा, त्यामुळे त्याच्या वयाबद्दल कुणीही काहीही सांगतं. उत्तर प्रदेश सरकारने १९९० च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी घातल्यावर त्या धंद्याला उतरती कळा लागली.

आणि सगळ्यात अवघड ते आपलेच. त्याच बाजारात लोहाराच्या पालापुढे विळे, खुरपी, कुऱ्हाडी आणि चार-सहा चाकू मांडलेले असतात. आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडचे अडकित्ते महाराष्ट्रभर प्रसिद्ध, पुण्याच्या केळकर संग्रहालयातली अडकित्त्यांची कपाटं तुम्ही बघितली असतीलच. पण ह्या चाकूंवर ना नाव, ना गाव, ना राजा. कुठल्या कायद्याने लोहाराला ठसा मारायला लावला नव्हता. तसं शेफील्डमध्येही ठसा होता कंपनीचा; चाकू प्रत्यक्ष घडवणारे पुष्कळदा एकेका खोलीत बसून काम घेणारे कारागीर, तिथे त्यांना 'लिटल मेस्टर' म्हणत, त्यांचंही नाव पात्यावर नसे.

तरी एक धागा मिळतो, मालाचा. लोहार ट्रकच्या कमानपाट्यापासून पातं काढतो. म्हणजे असा चाकू मोटारी येण्याआधीचा नाही. आणि झिजलेली कानस मिळाली तर तिच्यापासूनही काढतो, ते पोलाद उत्तम. माझ्या हातात आलेल्या एका जुन्या चाकूच्या पाठीजवळ कानसेचे तिरपे दाते अजून स्पष्ट दिसत होते, घासून पूर्ण गेले नव्हते. बुडख्याजवळ, दात्यांच्या खाली, अर्धवट ठोकलं गेलेलं एक इंग्रजी अक्षर होतं. 'एस'. कानसेवरचा जुना ठसा. लोहाराला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "ते आधीचं हाय. बाभळीची मूठ आमची."